नऊ नंबरची शांतता

नेवाडात, ज्या फाट्यावर पेट्रोलपंपसुद्धा
आता नावापुरताच उरलाय,
तिथं आम्ही अकरा रात्रींसाठी एक मोटेल घेतलं भाड्यानं.
आम्ही म्हणजे पाच माणसं, एक व्हॅन,
आणि मार्गोच्या मावशीनं परत मागणार नाही म्हणून दिलेले
आणि दर रविवारी फोनवर मागितलेले पैसे.

रक्त मक्याच्या पाकाचं.
सुरा रबराचा.
भीतीला मात्र खर्च आला नाही:
गालिचा आधीच दमट होता,
बाहेरच्या पाटीवरची दोन अक्षरं आधीच मेली होती,
आणि मालकीण व्हर्ना स्टोक
आधीच बारा खोल्यांच्या किल्ल्या
एकेक काढून पुन्हा त्याच खिळ्याला अडकवत बसायची.

"काही हलवू नकोस," मार्गो सेटवाल्या पोराला म्हणाली,
"हे आपल्याला बापजन्मात जमलं नसतं."
व्हर्नानं ऐकलं.
दुसऱ्या दिवशी सगळ्या खिडक्या पुसलेल्या.
आमची कंटिन्युइटी गेली.

माझं काम आवाजाचं.
सीन संपला की सगळ्यांना बाहेर काढायचं
आणि त्या खोलीची तीस सेकंद
नुसती शांतता टेप करायची.
लोक हसतात. हसू देत.
चार नंबरची शांतता फ्रिजची असते,
सात नंबरची नळाची, जरा घसा बसलेली.
ऑफिसातल्या शांततेला जळक्या कॉफीचा वास येतो
आणि मायक्रोफोनला तो कळतो, शप्पथ.
भिंतीला कान असतात म्हणे.
असतील. पगार माझ्या कानांना मिळतो.
मिळेल, असं मार्गो म्हणते.

नऊ नंबरमध्ये ब्रिनला मरायचं होतं.
चौदा वेळा मेली.
पंधराव्या वेळी पाक नाकात गेला, तिला हसू फुटलं,
आणि मार्गोनं पॅकअप सांगितलं.
मी म्हटलं, थांबा, तीस सेकंद.
ते सिगरेटी घेऊन पार्किंगमध्ये गेले.
मी हेडफोन चढवला, डोळे मिटले, मनात मोजलं.
ओठ हलू द्यायचे नाहीत,
या धंद्यातला पहिला धडा.

रात्री व्हॅनमध्ये टेप लावली.
पंखा.
लांबून गेलेला एक ट्रक.
आणि त्याच्याही खाली, गालिच्याच्या उंचीवर,
कुणीतरी मोजतंय.
सतरा. अठरा.
घाई नाही.

"तूच आहेस, गाढवा," मार्गो म्हणाली.
"आणि ठेव हे. फुकट मिळालंय."
ब्रिन म्हणाली, तुझाच आवाज.
सगळ्यांना पटलं.
मीही पटवून घेतलं, बराचसा.

निघताना, बिल देता देता, व्हर्नाला उगीच विचारलं.
"एमरी मोजायचा," ती म्हणाली. "गाड्या.
एखादी आत वळेल म्हणून.
नऊमध्ये, खाली जमिनीवर, भिंतीला टेकून.
म्हणजे हेडलाइट डोळ्यात जात नाही."
"मग?"
"मग पलीकडून नवा हायवे झाला."
तिनं पावती फाडली,
माझ्या नावाचं स्पेलिंग चुकवून.
एमरीचं काय झालं, ते मी विचारलं नाही.
तिनं ते सांगायला तोंड उघडलं होतं,
असं मला आता वाटतं.

पिक्चर कुठं लागला नाही.
मावशीनं दोनदा पाहिला, म्हणे, दिवा लावून.
मी रीनोत, तिसऱ्या मजल्यावर राहतो,
समोर सिग्नल, रात्री दोननंतर पिवळा उघडझाप करणारा.
टेप तीसवर संपते. मीच बंद केली होती.
खटका ऐकू येतो.
त्यापुढं काही नाही, मी तपासलंय,
कितीदा ते विचारू नका.

काल पहाटे लक्षात आलं,
आपण पलंगावर नाही.
खाली बसलोय, पाठ भिंतीला.
छतावरून एक उजेड सरकत गेला.
एकतीस, मी म्हणालो,
आणि ओठ हलले.

गाडी जरा हळू झाली खाली,
असं वाटलं.