बाभळीचं मेज

इस्टरनंतरच्या सोमवारी, घोरपडीच्या आमच्या चर्चमध्ये,
पाळकसाहेबांनी प्रभुभोजनाच्या मेजाची चादर उचलली
आणि एक पाय हातात आला, भिजल्या बिस्किटासारखा.
वाळवीनं सगळं आतून खाल्लं होतं.
वरचा पॉलिशचा पापुद्रा तेवढा धर्म सांभाळून उभा.

कमिटी म्हणाली, सागवान घ्या, भांबळ मिस्त्री,
पैशाकडे बघू नका.
मग दीड तास पैशाकडेच बघत बसली.
मी म्हटलं, बाभूळ.
खजिनदार होवाळबाई चष्म्यावरून बघत राहिल्या.
बाभूळ? बैलगाडीच्या आऱ्यांची?

म्हटलं, कराराचा कोश बाभळीचा होता, बाई,
मंडपाच्या फळ्या बाभळीच्या,
समर्पित भाकरीचं मेज बाभळीचं.
रानात चाळीस वर्षं देव ज्या लाकडाशी राहिला
ते आपल्या नगर रोडच्या कडेला उगवतं,
शेळ्या खातात त्याच्या शेंगा.
कोणी काही बोललं नाही. पंखा फिरत होता.

सगळ्या पुण्यात बाभूळ मिळेना.
भवानी पेठेच्या वखारीत रतनशीभाई हसले,
जळणाला पाहिजे का?
शेवटी लोणीकंदच्या पुढे एका बांधावर खोड मिळालं,
करवतीचे दोन दात घेऊनच ते चिरलं गेलं.
गाठींमध्ये काट्यांचा राग अजून शिल्लक होता.

माप मोशेला डोंगरावर मिळालेलं.
दोन हात लांब, एक हात रुंद, दीड हात उंच.
पण कोणाचा हात, ते सांगितलेलं नाही.
मी माझा उजवा धरला, कोपरापासून.
मधल्या बोटाचं शेवटचं पेर एकोणनव्वद साली रंधा मशीननं नेलं,
म्हणून या मेजात हातामागे इंचभर तूट आहे.
ती मी भरून काढली नाही.

फळी चौकटीत बसवताना मी कडेला सूतभर जागा सोडतो.
लाकूड जुलैत फुगतं, मार्चात आखडतं,
जागा ठेवली नाही तर स्वतःलाच फाडतं.
त्या कोशावर सोन्याचे दोन करूब होते, समोरासमोर,
आणि देव करूबांत नव्हता, सोन्यात नव्हता,
दोघांच्या मधे जे काहीच नव्हतं, तिथून बोलायचा.
हे मला सुतार म्हणून पटतं.

एक गोष्ट कमिटीला सांगितलेली नाही.
मेज पहिल्यांदा चार पायांवर उभं राहिलं त्या दुपारी
माझ्या मुनाफनं सवयीनं त्यावरच डबा उघडला.
मी ओरडणार होतो.
तेवढ्यात त्यानं भाकरी मोडली,
अर्धी माझ्याकडे सरकवली, न बघता.
हात धुतलेले नव्हते. ठेच्यात भुगा पडत होता.
आम्ही जेवलो.

पाच रविवार मेजाविना गेले.
थाळी आणि प्याला कडेच्या स्टुलावर.
मधे फरशीवर जुन्या पायांचे चार फिकट चौकोन.
कोणी बजावलं नव्हतं, पण कोणीच त्यांच्यामधून गेलं नाही,
गायनमंडळ वळसा घालायचं,
अर्पणाच्या पिशव्या फिरवणारी वांड पोरंसुद्धा.

सहाव्या रविवारी मी मेज ठेवलं.
पाय चौकोनांवर बसले नाहीत, चारही आत राहिले.
होवाळबाईंच्या ते लगेच लक्षात आलं.

रूथबाई कसबे, ज्यांना आता दिसत नाही,
उपासनेनंतर नातीचा हात सोडून पुढे आल्या.
मेज चाचपलं, कडेकडेनं, गाठीवर थांबत.
लहान केलंत का, मिस्त्री?
होय, म्हटलं.
त्या काही म्हणाल्या नाहीत.
काठ संपला तरी त्यांचा हात पुढे गेला
आणि तिथेच, हवेवर,
थोडा वेळ टेकला.