पायपुसणं, न वापरलेलं

शॅननने विचारलं, आत्या, वर्णनात काय लिहू?
म्हटलं, लिही पायपुसणं.
ती हसली. पायपुसण्यावर बोली कोण लावणार?
लोककला लिहू या. न्यूफाउंडलंडची, हाताने विणलेली.

विणलेली नाही गं, ओढलेली.
बटाट्यांच्या पोत्याचं गोणपाट चौकटीवर ताणायचं,
खालून चिंधी धरायची, वरून आकडा घालायचा
आणि एकेक फासा वर काढायचा,
बर्फाच्या भोकातून मासा काढावा तसा, हळू.
आकडा माझ्या बापाने खिळा ठोकून केलेला,
मूठ मोडक्या वल्ह्याची.
एवढं सगळं मावत नाही, ती म्हणाली,
पंचावन्न अक्षरांत बसव.

फोटो खिडकीपाशी काढला.
तीन दिवस धुकं होतं, चौथ्या दिवशीही धुकंच,
म्हणून माझा निळा करडा आला.
तो निळा म्हणजे डेनिसचा स्वेटर, कोपरांवर विरलेला.
होडीचा लाल, स्वयंपाकघरातला पडदा.
टेकडीवरचा पिवळा
कांद्याच्या सालांत उकळलेला माझा फ्लॅनेलचा परकर.
(हे लिहू नकोस, मी म्हटलं. तिने लिहिलं नाही.)

सुरुवात पाच डॉलरपासून.
पाच? अख्खा हिवाळा बसले होते मी.
कमीत सुरू केलं की लोक येतात, आत्या.
हे वाक्य मी धक्क्यावर जन्मभर ऐकलंय,
कॉड तराजूत पडताना,
दर वेळी घेणाऱ्याच्या तोंडून.
आता घरचंच माणूस म्हणतंय.

माझं नाव उमटलं, फिलोमिना किओ,
आणि नावापुढे शून्य.
एकसष्ट वर्षं या खाडीत काढली,
सगळ्यांना माझी सगळी उधारी ठाऊक,
आणि तिथे शून्य.

सात दिवस फोन संगणकाला जोडलेला.
तिसऱ्या दिवशी गर्टी पिटमन धापा टाकत आली,
मी मेले असं धरूनच.
बसली, चहा प्यायली, पडद्याकडे बघत म्हणाली,
हे तर तुझ्या दारातलं.
दारातलं नाही, त्याची बहीण.

कुणीतरी विचारलं, भिंतीवर टांगता येईल का?
मी सांगितलं, येईल की. मग पाय कुठे पुसणार?
त्यावर उत्तर आलं नाही. बोली आली.

शेवटच्या संध्याकाळी दोघं अनोळखी इरेला पेटले.
एकतीस. चौतीस. सदतीस पन्नास.
आणि मला पडद्यावर होडीचा नांगर दिसला,
उलटा.
वर्षभर उशाशी होतं, कधी दिसला नव्हता.
म्हटलं, शॅनन, माझ्या नावाने शंभर लाव.
आत्या, आपल्या वस्तूवर आपल्याला बोली लावता येत नाही.
का?
नियम आहे.
बरोबर आहे नियम. मी किटली ठेवायला उठले.

वेळ मोजली होती आम्ही, पण घड्याळ कॅलिफोर्नियाचं,
आणि आमचं बेट सगळ्या जगापासून
अर्धा तास वाकडं.
तो अर्धा तास शॅनन विसरली.
चहा ओतून आले तोवर विकलं गेलं होतं,
चौसष्ट डॉलरला.
टाळ्या नाहीत, हातोडा नाही,
फक्त बोली लावायचं बटण नाहीसं झालेलं.

टपालखर्च आम्ही बारा लिहिला होता.
गर्टीने पोस्टाच्या काट्यावर टाकलं आणि बावीस म्हणाली.
मैत्री काट्याबाहेर, हे ती नेहमीच म्हणते.
पत्ता मोठ्याने वाचला, टूसान, ॲरिझोना.
वाळवंट आहे की तिथे, फिलोमिना,
त्यांच्या पायांना लागणार काय?

महिन्याने शून्याचा एक झाला.
शेजारी त्या माणसाचा अभिप्राय, दोनच शब्द:
वर्णनानुसार. धन्यवाद.
पंचावन्न अक्षरांनुसार.
नांगराबद्दल चकार शब्द नाही.
दिसला नसेल, किंवा
वाळवंटात नांगर कसा असतो, कुणाला माहीत.

आता शॅनन म्हणते, दारातलंही टाकू या,
वापरलेल्याला जास्त भाव येतो.
धुवून वाळत घातलंय. ठरवलं नाही अजून.
दाराशी तूर्त वर्तमानपत्र आहे.
येईल त्याला सांगते,
बातम्यांवर पुसा आणि आत या.