किती चुका

खडकी बाजारात, चैत्रातल्या रविवारी,
चुक्याची जुडी अजून पंधराला मिळते.
भाजीवाली ती ओल्या गोणपाटाखालून काढते,
झटकते, माझ्या पायांवर थेंब उडतात.
"डाळीत घालणार ना, ताई?"
मी हो म्हणते.
दर वेळी खोटं बोलते.

कारण रिक्षा सुरू व्हायच्या आत
माझा हात पिशवीत गेलेला असतो.
एक देठ. लांब, मधून पन्हळीसारखा,
बुडाशी जरासा गुलाबी.
पान खुडायचं,
पदराला देठ पुसायचा,
आणि पुढच्या दातांनी, कच्च.

जीभ आधी मागे सरते,
मग तीच पुढे येते.
एक डोळा आपोआप मिटतो.
बासष्ट वर्षांच्या बाईने भर रस्त्यात
असा डोळा मिटू नये.
रिक्षावाला आरशातून बघतो आणि मीटर बघितल्यासारखं करतो.
होळकर पुलापर्यंत तीन देठ संपतात.

दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये
सहाव्या लायनीच्या मागे एक नळ होता,
त्याचा वायसर कुणी कधी बदलला नाही.
त्या गळक्या पाण्यावर चुका आपला आपण माजायचा.
कुणी लावला नव्हता, म्हणून कुणाचा नव्हता,
म्हणून आमचा:
माझा आणि एस्तेर साळवेचा.

वार्षिक परीक्षा सकाळच्या. पेपर सुटला
की घरी न जाता नळावर.
एस्तेरच्या कंपासपेटीत, कर्कटकाला लागून,
वहीच्या कागदाची पुडी: मीठ, तिखट,
आणि तिच्या आईच्या नकळत थोडा जिरा.
त्या मिठाने कर्कटक गंजलं.
त्या वर्षी तिच्या सगळ्या वर्तुळांच्या
मधोमध एक तांबडा ठिपका होता.
बाईंनी गुण कापले नाहीत,
नुसतं वास घेऊन वही परत दिली.

"किती चुका?" ती विचारायची,
आणि मला कळायचं नाही
गणितातल्या, की ओच्यातला.
गणितातल्या नऊ होत्या.
ओच्यातला मोजायच्या आधीच संपायचा.

दुपारी भाकरी चावता यायची नाही.
दात आंबून बधिर.
आई घास अडलेला बघायची
आणि काही न विचारता
ताटात ताकातली कण्हेरी वाढायची.

एस्तेर नर्स झाली. आधी ससूनला, मग लीड्सला.
मध्ये एका गोष्टीवरून आम्ही बोलायचं थांबलो.
गोष्ट मला पूर्ण आठवते,
सांगण्यासारखी नाही.
अकरा वर्षं झाली.

गेल्या सोमवारी रात्री फोनवर एक फोटो आला.
वर्तमानपत्रावर हातभर लांब देठ,
लालभडक, जाड, बांगडीच्या दुकानात ठेवावेत असे.
खाली तिनेच लिहिलेलं, मराठीत, ऱ्हस्वदीर्घाच्या गोंधळासकट:
इथे याला रूबार्ब म्हणतात. आता याचा हंगाम.
पोरं कच्चाच खातात, साखरेत बुडवून.
साखरेत गं!
मी मीठ लावलं. नातू म्हणाला आजी वेडी.
आपल्या नळावरच्याची चव नाही,
पण डोळा मिटतो.

मग बराच वेळ काही नाही.
मग दोनच शब्द:
किती चुका?

मी चष्मा पुसला. लिहिलं, खोडलं.
परत लिहिलं, तेही खोडलं.

आज रविवार. जुडीची सुतळी सोडली आहे,
ओट्यावर नुसती पानं उरलीत.
पानं डाळीत चालतात.
शेवटचा देठ मात्र बाजूला काढून
बशीत ठेवलाय, शेजारी चिमूटभर मीठ,
आणि त्याचा फोटो नीट येत नाहीये,
हात हलतो,
खिडकीतून ऊन फार आहे.