पहिले दोन शब्द

सहामाही अहवालात
'या कालावधीत झालेले काम' असा रकाना असतो.
मी लिहिलं : एक मुलाखत.
मग खोडून : एक मुलाखत, अपूर्ण.

तांबट आळीत भर दुपारी गेलं
की आधी आवाज येतो सामोरा,
मग आळी.
दत्तोबा करडे दाराशीच बसलेले, वय ब्याऐंशी,
मांडीत हंडा, आता नुसता धरायला.
मी ओरडून सांगितलं : पीएच.डी., रंगभूमी, विद्यापीठ.
म्हणाले, एवढं ओरडून नाटकवाल्यांनी
कधी काही मागितलं नव्हतं.

दिवसा मठारकाम. संध्याकाळी सायकलवरून थिएटर.
उजवी विंग, स्टूल, मांडीवर संहिता,
टॉर्चच्या तोंडाला निळा जिलेटिन.
एकोणतीस वर्षं.
कान तर हातोडीनं तिशीतच नेलेले.
मग कोण अडलंय ते कळायचं कसं?

"गळ्याकडं बघायचो.
इसरलेला माणूस आधी आवंढा गिळतो.
आन् वाक्य पुरतं द्यायचं नाही. पहिले दोन शब्द, बस.
बाकीचं त्याच्यापाशी असतंच.
आपण सगळं दिलं तर तो नुसता पोपट."

खांबेटे मॅडम म्हणाल्या, सुंदर आहे गं,
पण पुरावा?

ज्याचं यश म्हणजे तिसऱ्या रांगेलासुद्धा ऐकू न जाणं
त्याला तळटीप कुठून आणायची?
अकरा दिवस मास्क लावून कपाटं उपसली.
जाहिरातींत नट आहेत, नेपथ्य आहे, रंगभूषा,
एका स्मरणिकेत तर
'बूट दिल्याबद्दल' कुणा मेजरसाहेबांचे आभार.
करडे सापडले एकदाच, हिशेबाच्या वहीत, पेन्सिलीनं :
करडे, चहा, दोन. बाकी.

फेलोशिप चार महिने आलेली नाही.
मेसवाल्या काकू आता भाजी वाढताना माझ्याकडे बघत नाहीत.
परभणीहून आई विचारते,
तू नाटकात आहेस का नाटकावर?
मी म्हणते, विंगेत.
तिला वाटतं, हॉस्टेलचं नाव असेल.

दुसऱ्या खेपेला विचारलं,
एखादा प्रयोग आठवतो का, नेमका एखादा?
रेकॉर्डिंग आत्ता पुन्हा ऐकतेय, खोलीवर, हेडफोन लावून.
पंखा आहे. शेजारची हातोडी आहे.
कुकरची एक शिट्टी.
माझा प्रश्न, आणि मग
एक्केचाळीस सेकंद
काही नाही.
मी तेव्हा वहीत बघत होते, पुढच्या प्रश्नाकडे.
वर बघितलं तेव्हा
त्यांच्या गळ्याची घाटी
खाली जाऊन वर येत होती.

एवढं शिकवूनही त्यांनी मला,
माझ्यापाशी पहिले दोन शब्द नव्हते.
नाटकांची यादी होती, सनावळी होती,
परिशिष्ट 'ब' सुद्धा होतं.
मी म्हटलं, राहू द्या आजोबा, पुढच्या वेळी.
त्यांनी ओठांकडे बघून मान हलवली
आणि हंडा दुसऱ्या मांडीवर घेतला.

लिप्यंतरात मी लिहिलं : शांतता, ४१ सेकंद.
मॅडमनी लाल रेघ मारली. अनावश्यक.
मी परत घातलं.
त्यांनी परत मारली, या वेळी जरा फिकट.

सोमवारी तिसरं प्रकरण द्यायचंय.
पहिलं वाक्य अजून सुचलेलं नाही.
दोन शब्द तेवढे आहेत :
करडे, चहा.