समजण्यात येईल

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत, टायरच्या दुकानाशेजारी
माझं टायपिंग सेंटर. एक खिडकी, दोन प्रिंटर,
त्यातला एक फक्त अरबी नीट छापतो.

दुपारचं शटर अर्धं ओढलं होतं
तेव्हा वाकून आत आला यशवंत बाईत,
वेल्डर, गाव गुहागरकडचं.
मनगटाला अजून इस्पितळाची प्लास्टिकची पट्टी.
कंपनीचं पत्र पुढं सरकवून
एका शब्दावर बोट ठेवलं, जळक्या नखाचं:
"बाई, हे डीम्ड म्हणजे काय?"

डीम्ड टू हॅव रिझाइन्ड.
सलग सात दिवस गैरहजर, सबब
स्वखुशीने नोकरी सोडली असे समजण्यात येईल.

"कुणाला समजलं?"

कुणालाच नाही. ते क्रियापदच तसलं,
त्याला कर्ता लागत नाही.
पत्र हातात पडलं नाही तरी
तिसऱ्या दिवशी पोचलं, असं समजतात.
उत्तर आलं नाही तर कबूल आहे, असं समजतात.
बोलताना कुणी वापरत नाही ते.
लेटरहेडच्या सावलीत राहतं, एसीत.

"मी तर मुतखड्यानं गडबडा लोळत होतो," तो म्हणाला,
"अकरा दिवस. फोरमनला दोनदा फोन केला."

हर्णैला, आमच्या मागल्या दारी
धाकटी हमीदा करवंटीत वाळू भरायची:
समज हा भात. समज ही बोंबलाची चटणी.
आम्ही बोटं चाटून जेवायचो.
पण दिवेलागणीला अम्मा खरं ताट वाढायची.
इथले समजणारे
पाच वाजता गाडी काढून घरी जातात.

मी अर्ज केला. आधी इंग्रजीत, मग अरबीत.
डिस्चार्जची तारीख ठळक केली.
'नम्रपणे' दोनदा आलं होतं, एक खोडलं.
डीम कुठं येऊ दिलं नाही.
लिहिलं: हा माणूस आजारी होता.
सोडून गेला नव्हता.
हे टाइप होताना समोर उभा आहे,
उजव्या कुशीवर हात दाबून.

किती झाले, त्यानं विचारलं.
होत होते दीड रियाल. मी म्हटलं, राहू दे,
मिळाले असं समजते.

त्यानं पाकिटातून दोन नोटा काढल्या,
एक रियालची, एक अर्ध्याची,
टेबलावर तळहातानं सपाट केल्या.
"समजू नका, बाई," म्हणाला.
"मोजून घ्या."