अकरावी ब, इंग्रजी: नियम व अपेक्षा

एप्रिलचा पहिला रविवार. सोहारला आठवडा रविवारीच उजाडतो,
हे अंगवळणी पडायला मला दोन वर्षं लागली.
एसीच्या घरघरीवर आवाज चढवून मी कागद वाटते.
तळाशी बारीक अक्षरात अजून नाव आहे मिसेस डिसांचं,
त्या मंगळूरला परतल्या त्याला तीन वर्षं झाली.
त्यांच्याच कागदातलं कलम सहा:
दुसऱ्याचं लिखाण स्वतःचं म्हणून देऊ नये.
कुणी हसत नाही. तळ कोण वाचतो?

वही दोनशे पानी. शाई निळी.
मोबाइल बॅगेत, बॅग भिंतीला.
उशिरा आलेल्या निबंधाचे दिवसाला दोन गुण वजा.
वर्गात फक्त इंग्रजी,
इथे माझा आवाज जरा जास्तच खणखणीत लागतो,
कारण मला एबीसीडी भेटली पाचवीत,
सावर्ड्याच्या पुढे, जिथे इंग्रजीचे सर तेच पीटीचे सर
आणि 'अटेन्शन' हा शब्द दोन्ही तासांना चालायचा.

पालकांची सही, गुरुवारपर्यंत.
सगळ्यात सोपा नियम, असं वाटतं.
"अब्बा रिगवर आहेत मॅडम, अजून एकोणीस दिवस."
"अम्मा रात्रपाळीला. मी निघतो तेव्हा झोपलेली असते.
उठवू?" हे एल्डोनं विचारलं,
अगदी सरळ, नियम समजून घ्यावा तसं.
नको, म्हटलं. उठवू नकोस.
असं कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

घंटा झाल्यावर नौशीन परकार मागे रेंगाळली.
माझ्या 'व्हेरी'वरून तिनं माझा तालुका ओळखला होता.
"बाई, एक्स्पेक्टेशनला आपल्यात काय म्हणायचं?"
अपेक्षा.
"म्हणजे वाट बघणं?"
नाही गं. अपेक्षा ठेवायची असते, वाट बघायची.
"मग या कागदावर कुठली?"
मी फळा पुसू लागले.
वर्गात मराठी बोलल्याबद्दल
दोघींच्याही नावापुढे फुली यायला हवी होती.

नोव्हेंबरात एल्डो येईनासा झाला.
हॉस्पिटलनं कंत्राटं आवरती घेतली, एवढंच ऑफिसातून कळलं.
हजेरीत त्याच्या नावावरून पट्टीनं लाल रेघ मारली,
पट्टी हलली, रेघ शेवटी किंचित वर गेली.
तीसच्या पटाची सवय मला लवकर झाली
याचं वाईट वाटायचं राहून गेलं.

मग एका रात्री मेल. कोदमंगलमहून.
'माझं गाव', चारशे शब्द.
मॅडम, सॉरी फॉर लेट.
पहिलंच वाक्य: माझं गाव सोहार आहे.
पुढे, रिफायनरीच्या धुराड्यावरची ज्योत
खिडकीतून दिसायची, म्हणून लहानपणी
झोपताना कधी दिवा लागला नाही.
शाळेत जाताना समुद्र उजव्या हाताला, सूर्य त्यातून वर येणारा.
इथे सगळे म्हणतात, आता तू घरी आलास.
इथे रात्री फार अंधार असतो.

माझ्या गावी सूर्य समुद्रात बुडतो.
इथे आले तेव्हा मला समुद्रच उलटा वाटला होता,
ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, इंग्रजीत नाही, मराठीतही नाही.

त्रेचाळीस दिवस उशीर. दिवसाला दोन.
वीस गुणांच्या निबंधातून शहाऐंशी वजा.
दोन ठिकाणी 'द' राहिला होता,
लाल पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.
गुण भरायला रकाना नव्हता, तिथे रेघ होती.
सतरा. पेन्सिलीनं, रेघेच्या वरच्या बाजूला,
जिथे पट्टी हलली होती.

यंदा कागद नव्यानं टाइप करतेय.
उशिराच्या ओळीपर्यंत आले आणि कर्सर लुकलुकत बसलाय.
बाहेर बसगाड्या लागल्या. उद्या वाटायचाय.
तळाचं मिसेस डिसांचं नाव
तेवढं राहू दिलंय.