डावीकडे अर्धा इंच

एकतीस वर्षं मापं घेतेय मी,
विक्रोळीला, कन्नमवार नगरात, जिन्याखालच्या गाळ्यात.
वहीत छाती छत्तीस, मुंढा सोळा,
गळा मागून खोल, पुढून सासूला चालेल इतकाच.
कोण पोटुशी आहे ते मला नवऱ्याआधी कळतं,
कोण जेवत नाही, तेही.

घाग वहिनी पितृपक्ष संपल्यावर आल्या,
पिशवीत मोरपंखी खण.
म्हणाल्या, शैला, डावीकडे जरा सैल ठेव गं,
काचतं.

गेल्या दिवाळीचं पान उघडलं.
दोन्ही बाजू सारख्या.
आता टेप डावीकडे अडखळली.
जिथे मी खडूने टक्सची फुली मारते
तिथे कातडीच आत ओढलेली,
कुणी आतून टाका खेचून
गाठ मारावी तशी.

गाठी मला कळतात.
ही माझ्या हातची नव्हती.

केव्हापासून, वहिनी?
गणपतीपासून असेल.
दुखत नाही गं. दुखलं असतं तर गेले नसते का?

तेच तर.
दाढ ठणकते, आपण रात्रीतून लवंग शोधतो.
ही मुकी. भाडं न देता राहते
आणि एकेक खोली बळकावते.

आधी दाखवून या, म्हटलं, मग शिवते.
रागावल्या. पिशवी उचलली.
समोरच्या मास्टरकडे टाकते म्हणाल्या.
टाका. तो जुन्या ब्लाउजवरून माप घेतो,
त्याला काय दिसणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी परत आल्या.
खण आणला नव्हता.
सोबत येशील? इतकंच.

परळला बाकावर आम्ही दोघी,
आणि कुठून कुठून आलेल्या बायका,
प्रत्येकीच्या मांडीवर फाइल, फाइलवर डबा.
वहिनींचं झाल्यावर सिस्टरने माझ्याकडे बघितलं.
तुमचं?
मी सोबत आलेय.
वय?
बावन्न.
मग या की आत.

माझं माप आजवर कुणी घेतलं नव्हतं.
माझे ब्लाउज मी अंदाजानेच बेतते.
थंड काचेवर ठेवलं, वरून दाबलं,
डोळ्यांत पाणी आलं पण क्षणभरच.
श्वास धरा, म्हणाली ती पोरगी.
मला हसूच आलं.
आयुष्यभर मी बायकांना सांगतेय
वहिनी, श्वास सोडा, पोट आत नको.

माझं काही निघालं नाही.
त्यांचं निघालं.
पावणेदोन सेंटिमीटर.
मी मनात इंच केले. पाऊणसुद्धा नाही.
एवढं तर मी शिलाईत सोडते.
डॉक्टरीण म्हणाली, वेळेत आलात.
वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या,
मी त्यांची पिशवी घट्ट धरून.

पुढचं त्यांनी सोसलं, मी नाही.
मी नुसते डबे नेले,
आणि एकदा, केस गेल्यावर,
उरलेल्या मऊ अस्तराची टोपी.

चैत्रात खण घेऊन आल्या.
पडदा ओढला, टाके बघितले.
सरळ. बारीक. कुठे चुणी नाही.
हात चांगला आहे, म्हटलं,
माझ्याकडे पाठवा त्या डॉक्टरणीला,
काजं करायला माणूस मिळत नाही.
तेव्हा कुठे हसल्या.

वहीत लिहिलं: डावीकडे अर्धा इंच कमी.
खाली तारीख.

आता प्रत्येकीला विचारते.
काही लागतं का हाताला? काही बदललंय?
चाळिशी उलटली, दाखवून आलात का?
तावडेबाई परवा फणकारल्या,
ब्लाउज शिवतेस की डॉक्टर झालीस?

ब्लाउजच, म्हटलं.
हात वर करा.